पत्र्यावर दगड नकोत: अवकाळी वाऱ्याआधी छप्पर बांधून कसं घ्यावं

मराठवाड्यात घर शाकारायचं म्हटलं की मृगाची आठवण होते. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पत्रे नीट झाले म्हणजे झालं, अशी पिढ्यांची सवय आहे. गळतीपुरती ती बरोबरही आहे. पण पत्रे उडतात ते मृगात नाही. ते उडतात मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत, दुपार कलल्यावर आभाळ भरून येतं आणि पाण्याच्या आधी वावधान सुटतं तेव्हा. २०१४ ची गारपीट तर फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्येच झाली होती. म्हणून छपराच्या कामाची खरी वेळ संक्रांत ते होळी ही आहे. तेव्हा सुगीची गडबड असते हे खरं, पण एका खोलीचं काम दोन दिवसांचं आहे. हवा शांत असते, पत्रा हाताला भाजत नाही आणि वेल्डर मिळतो. एप्रिलमध्ये गावातले चार पत्रे उडाले की तोच वेल्डर आठ दिवस हाती लागत नाही.

पत्रा का उडतो

वारा पत्र्याला ढकलून देतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो पत्र्याला वर उचलतो. छपरावरून जोरात जाणारा वारा वरच्या बाजूला ओढ तयार करतो. त्याच वेळी उघड्या दारातून, पडवीतून किंवा भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून आत शिरलेला वारा खालून दाबतो. दोन्ही जोर एकाच दिशेला, वर.

याचा हिशेब करता येतो. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ३८ किलो भरतो. १२ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्याचं क्षेत्रफळ ३.९ चौरस मीटर, म्हणजे त्या एका पत्र्यावर जवळपास दीडशे किलोची उचल येते. अर्ध्या मिलिमीटरच्या त्या पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम १८ किलो. त्यावर वीस-वीस किलोचे दोन दगड ठेवले तरी बेरीज साठपर्यंतही जात नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वळचण, आढं आणि कोपरे इथे तो छपराच्या मधल्या भागापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून पत्रा नेहमी कडेकडून सुटायला लागतो. इमारतींवरच्या भारांसाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकात छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. त्या वेगाला दाब चौरस मीटरला ९३ किलोंवर जातो.

दगड पुरत नाही एवढ्यावर हे थांबत नाही. पत्रा उचलला गेला की दगड घरंगळतो आणि खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. वादळात माणसं अशीही दगावतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि धाराशिवच्या गावांत जड माळवदांनी (लाकडी तुळयांवरच्या मातीच्या सपाट छपरांनी) आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी माणसं गाडली. हलकं पत्र्याचं छप्पर भूकंपाला नक्कीच बरं. पण त्याच हलक्या छपरावर आपण पुन्हा दगड चढवले, तर भूकंपाचा धोका परत आणला आणि वाऱ्याचा टाळला नाही. छप्पर वजनाने धरायचं नसतं, ते बांधून धरायचं असतं. पत्रा त्याच्याखालच्या आडव्या लोखंडी पाइपाला, पाइप भिंतीला आणि भिंत पायाला अशी साखळी हवी. त्यातली सगळ्यात कच्ची कडी जिथे असेल तिथून छप्पर जातं.

आधी तपासणी

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत वर जा. जाण्याआधी मेन स्विच बंद करा. खांबावरून घरात येणारी वायर पत्र्याच्या काठावर टेकली असेल तर वाऱ्याने घासून तिचं वरचं आवरण जातं आणि अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो. मेन स्विच बंद केला तरी ही वायर चालूच असते, कारण ती मीटरच्या अलीकडची आहे. ती टेकलेली दिसली तर पत्र्याला हात लावू नका. लाइनमनला बोलावून ती उंच करून घ्या, मगच पुढचं काम.

वर पाय ठेवायचा तो खाली पाइप आहे त्या रेषेवर, म्हणजे स्क्रूंच्या ओळीवर. सिमेंटच्या पत्र्यावर तर थेट पाय ठेवूच नका. जुना सिमेंट पत्रा वरून धड दिसतो आणि पायाखाली काचेसारखा फुटतो. दोन पाइपांवर टेकेल अशी रुंद फळी टाका आणि तिच्यावरूनच चाला.

प्रत्येक स्क्रू आणि हुक हाताने हलवून बघा. मे महिन्यात पत्रा दिवसा साठ अंशांच्या पुढे तापतो आणि रात्री निवतो. या फरकाने १२ फुटी पत्रा रोज दीड-दोन मिलिमीटर लांब-आखूड होत राहतो. चार-पाच वर्षांत भोकं अंडाकृती होतात, हुकांचे नट ढिले पडतात, उन्हाने रबरी वायसर तडकतं. ढिला हुक दिसला की पुन्हा आवळा. वायसर कडक होऊन भेगाळलं असेल तर बदला. पाइपातले आटेच गेले असतील तर तो स्क्रू पुन्हा त्याच भोकात फिरवत बसू नका. पत्र्याच्या पन्हळीच्या शेजारच्या उंचवट्यावर नवा मारा आणि जुनं भोक बंद करा.

नंतर खाली येऊन घरातला अंधार करा आणि वर पाहा. जिथून उजेडाचे ठिपके दिसतात तिथे आतून खडूने खूण करा. गळतीचा नकाशा असा पाऊस नसतानाही मिळतो.

पत्रा पाइपाला

साध्या खिळ्याने पत्रा ठोकणं सोडून द्या. खिळा सरळ आत गेला तसा सरळ बाहेर येतो. लोखंडी पाइप असेल तर सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत आत जाणारा) स्क्रू, अँगल असेल तर ८ मिलिमीटरचा जस्ताचा मुलामा असलेला जे-हुक, आणि लाकडी वासा असेल तर लाकडात किमान दीड इंच शिरेल असा आट्यांचा स्क्रू. उंचवट्यावर मारायच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूची लांबी ५५ मिलिमीटर घ्या, नाहीतर पन्हळीच्या उंचीतच तो संपतो आणि पाइपाला जेमतेम शिवतो.

हिशेबासाठी १० बाय १२ ची एक खोली घेऊ. १० फुटांच्या दिशेने उतार, दोन्हीकडे फूटभर बाहेर, म्हणजे १२ फुटी पत्रे. साडेतीन फुटी रंगीत पत्रा एकावर एक चढल्यावर सव्वातीन फूट जागा झाकतो, म्हणून बाजूचा अर्धा-अर्धा फूट धरून चार पत्रे लागतात. खाली चार पाइप, दोन भिंतींवर आणि मध्ये दोन, साधारण ३ फूट ४ इंचांवर एकेक. साडेचार फुटांपेक्षा जास्त अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला सोसत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या १२ फुटांच्या अंतराला पाइप ८० बाय ४० मिलिमीटरचा आणि त्याची जाडी किमान २ मिलिमीटर हवी. स्वस्त म्हणून १.२ मिलिमीटरचा पाइप टाकला जातो, त्यात स्क्रूचे आटे धरत नाहीत. बाहेरून सगळं पक्कं दिसतं आणि पहिल्या मोठ्या वाऱ्याला सगळे स्क्रू पत्र्यात तसेच राहून पाइपातून निसटतात.

वळचणीच्या आणि वरच्या काठाच्या पाइपावर प्रत्येक उंचवट्याला एक स्क्रू, म्हणजे एका पत्र्याला पाच. मधल्या दोन पाइपांवर तीन-तीन पुरतात. एका पत्र्याला १६, चार पत्र्यांना ६४. थोडे वाया जातात, ८० घ्या. पत्र्यावर पत्रा चढतो त्या जोडावर दर दीड फुटाला एक आखूड स्क्रू लागतो, ते ३० घ्या. कंत्राटदार एका पत्र्याला सहा-सात स्क्रू मारून मोकळा होतो. छप्पर घालताना समोर उभं राहून मोजायची गोष्ट ती हीच.

स्क्रू किती आवळायचा, तर वायसरचं रबर वरच्या टोपीच्या कडेला किंचित दिसू लागेपर्यंत. रबर फुगून बाहेर आलं आणि पत्र्याला खळगा पडला तर त्या खळग्यात पाणी साचून तिथूनच गळतं. ड्रिलचा लोखंडी चुरा संध्याकाळी झाडूने काढून टाका. तो पत्र्यावर राहिला तर पहिल्या पावसात गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबूस डाग पाडतो.

बाजूचा जोड कुठल्या दिशेला उघडतो हेही महत्त्वाचं. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पत्रे घालायला पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करा आणि पश्चिमेकडे या. मग प्रत्येक वरच्या पत्र्याची मोकळी कड पूर्वेला राहते आणि वारा तिच्यात शिरत नाही. लांबीत दोन पत्रे जोडायचे असतील तर वरचा खालच्यावर किमान ६ इंच, उतार कमी असेल तर ९ इंच चढवा आणि मध्ये सीलंटची पट्टी द्या. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण वादळात वारा पाण्याला त्या जोडातून वरच ढकलतो. आपल्याकडे पाऊस कमी म्हणून १० फुटांना अर्धा फूट उतार देण्याची रीत आहे, ती बदला. १० फुटांना दीड ते दोन फूट द्या. पाणी लवकर पळतं आणि सपाट छपराला बसणारी ओढही थोडी कमी होते.

पत्रा घेताना गेज विचारू नका, मिलिमीटर विचारा आणि दुकानात मायक्रोमीटरने मोजून दाखवायला सांगा. ०.३५ चा पत्रा स्क्रूभोवती फाटतो. स्क्रू पाइपात तसाच राहतो आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून निघून जातो.

पाइप भिंतीला

सगळ्यात दुर्लक्षित कडी हीच. भिंतीच्या डोक्यावर पाइप टेकवायचा, दोन्ही बाजूंनी विटा लावायच्या, वरून थोडा माल टाकायचा, झालं काम. वर हिशेब केलेल्या खोलीचं छप्पर ताशी ९० किलोमीटरला एकूण साडेपाचशे किलोंनी उचललं जातं. छपराचं वजन वजा केलं तरी पाइपाच्या आठ टोकांवर सरासरी पन्नासहून जास्त किलो येतात. एका टोकावर रचलेल्या चार विटांचं वजन १२-१३ किलो. पाइपांसकट अख्खं छप्पर एकसंध उडून शेजारच्या वावरात पडलेलं दिसतं ते यामुळे. तिथे स्क्रू कमी पडलेले नसतात, पाइपच भिंतीला बांधलेला नसतो.

नव्या घरात, विटांची भिंत संपते तिथे भिंतीच्या रुंदीचा ४ इंच जाड काँक्रीटचा पट्टा चारही बाजूंनी फिरवा. १० मिलिमीटरच्या दोन सळया सलग, कोपऱ्यात काटकोनात वळवलेल्या. पाइप जिथे बसणार तिथे भिंतीतून दोन फूट खालून आलेली १० मिलिमीटरची उभी सळई ठेवा. पट्टा भरताना ती वर काढा, पाइपावरून वळवून त्याला वेल्ड करा. वेल्डवर लगेच जस्ताचा रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

उभं घर असेल तर पाइपाच्या टोकाखाली दोन-अडीच फुटांवर भिंतीला आरपार भोक पाडा. १० मिलिमीटरची आट्यांची सळई घाला, बाहेरून ४ बाय ४ इंचाची लोखंडी प्लेट आणि नट लावा. आतल्या टोकाला २५ बाय ५ मिलिमीटरची पट्टी उभी चढवून पाइपाला बोल्ट करा. एका टोकाला तासाभराचं काम आहे. सगळं एकदम परवडत नसेल तर चार कोपरे आधी करा.

मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर मात्र यातलं काहीही करू नका. तिच्यात ड्रिल मारलं की दगड ढिले होतात. तिथे छपराचा भार भिंतीवरून काढून घेणं हाच मार्ग. खोलीच्या चार कोपऱ्यांत आतून लोखंडी खांब उभे करा. प्रत्येकाखाली दीड बाय दीड फुटाचा, दोन फूट खोल काँक्रीटचा पाया. असा एक पाया तीनशे किलोंचा होतो, चार मिळून बाराशे. काळ्या मातीत दोन फुटांवर थांबू नका, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. खर्च जास्त आहे, पण भूकंपात भिंत ढासळली तरी छप्पर खांबांवर उभं राहतं, म्हणून हा खर्च दोनदा कामाला येतो.

पडवीचे पत्रे घराच्या पत्र्यांपासून वेगळे ठेवा. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी, वारा तिच्याखाली आधी भरतो. एकच लांब पत्रा घरावरून पडवीपर्यंत आणलेला असेल तर पडवी जाताना घराचं छप्पर घेऊन जाते. गोठ्याचंही तसंच.

या वर्षी हे सगळं जमणार नसेल तर किमान वळचणीवर आणि वरच्या काठावर, पाइपाच्या रेषेत, पत्र्याच्या वरून २५ बाय ५ ची लोखंडी पट्टी आडवी टाकून दर दोन फुटांना हुकाने आवळा. दगडांच्या जागी तात्पुरता भार ठेवायचाच असेल तर वाळूची अर्धी भरलेली पोती, दोन-दोन दोरीने जोडून आढ्याच्या दोन्ही बाजूंना लोंबती. प्लास्टिकचं पोतं उन्हात दोन-तीन महिन्यांत विरतं, तेव्हा त्यावर वर्ष काढू नका.

भोकं आणि गंज

डांबर ओतू नका, ते एका उन्हाळ्यात तडकतं. सिमेंटही लावू नका. ओलं सिमेंट जस्त खातं आणि सुकल्यावर पत्र्याच्या हालचालीने सुटतं. लहान भोकाला ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) पुरते. त्याआधी तारेच्या ब्रशने घासा, पुसा आणि पूर्ण कोरडं करा. रुपयापेक्षा मोठ्या भोकाला त्याच पन्हळीच्या पत्र्याचा तुकडा कापा, भोकाच्या चारही बाजूंनी ३ इंच जास्त. खाली सीलंट, कडेने दर दोन इंचांना रिव्हेट. सिलिकॉन घेताना न्यूट्रल मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन आम्लाने जस्ताचा थर खातं, आणि बुजवलेल्या भोकाभोवती नवा गंज येतो.

गारांनी पोचे पडलेल्या लोखंडी पत्र्याची काळजी करू नका, मुलामा फुटला असेल तिथे रंग द्या. सिमेंटचा पत्रा मात्र केसाएवढ्या भेगेनेही बाद धरा. तो काढताना आधी पाण्याने भिजवा, तोंडाला मास्क बांधा, आणि फोडू नका, अख्खा उतरवा. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते.

माळवद असेल तर

दरवर्षी पाऊस लागायच्या आधी वरून पांढऱ्या मातीचा थर द्यायची रीत आहे. जुना थर न खरवडता नवा चढवत गेलं की तीस वर्षांत फूटभर माती होते. १० बाय १० च्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टन. आधी खरवडून ६ इंचांवर आणा, मग नवा थर द्या. खरवडताना चारही कोपऱ्यांतून सारखं उतरवा, एका बाजूला ढीग करू नका. तुळईची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज आत गेला तर लाकूड कुजलं आहे किंवा वाळवीने खाल्लं आहे. तिथे आधी टेकू, मग बाकी सगळं. पनाळ भिंतीपासून दीड फूट बाहेर काढा, नाहीतर भिंतीची माती पायथ्याशी धुपते.

स्लॅबवाल्यांनी

स्लॅब उडत नाही, त्याच्यावरचं सामान उडतं. उन्हाळ्यात आपल्याकडे टाक्या रिकाम्या असतात. भरलेली ५०० लिटरची टाकी हलत नाही, रिकामी दहा-पंधरा किलोंची टाकी खाली रस्त्यावर येते. तिला दोन बाजूंनी पट्टी देऊन स्लॅबला अँकर बोल्टने बांधा. जिन्यावरचा पत्रा, सोलरचं स्टँड आणि प्लास्टर न केलेला चार इंची कठडा हे तिन्ही हाताने हलवून बघा.

पाणी उतरायच्या भोकाची जाळी साफ करा. ४ इंची एक पाइप तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत सुमारे ४० चौरस मीटर गच्चीचं पाणी नेतो. गच्ची त्याहून मोठी असेल तर दुसरा काढा. भेग बुजवताना ती आधी व्ही आकारात १० मिलिमीटर रुंद करा. काम सकाळी नऊच्या आत संपवा, तापलेल्या स्लॅबवर कुठलाही लेप धरत नाही. गच्चीवर पाणी साठवून गळती शोधायची पद्धत चांगली आहे, पण टँकरचं पाणी त्यासाठी ओतू नका. मातीचा बांध घालून संशयाची जागा तेवढीच भिजवा, नाहीतर पहिल्या पावसाची वाट बघा.

आभाळ भरून आल्यावर

वर जाऊ नका. ढिला पत्रा आता आवळावा असं वाटेल, पण उंच पत्र्यावर हातात लोखंड घेऊन उभा असलेला माणूस विजेला आयता सापडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते फोनवर ठेवा. वारा येतो त्या बाजूची दारं-खिडक्या लावा, म्हणजे आतून पत्र्यावर दाब येत नाही. मेन स्विच बंद. लहान मुलं आणि म्हातारी माणसं पडवीत नकोत. घरात एखादी खोली स्लॅबची असेल तर सगळे तिथे.

पत्रे गेलेच तर उचलून लावायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. तोपर्यंत ताडपत्री टाका. तिच्या कडा लाकडी पट्टीत गुंडाळून पट्टी पाइपाला बांधा. नुसत्या कड्यांतून दोरी ओवली तर वाऱ्याने कडी फाटून निघते. उडालेला पत्रा परत लावताना जुन्या भोकांत स्क्रू घालू नका. वाकलेला पत्रा सरळ करून वळचणीला तर अजिबात लावू नका, तो मधल्या ओळीत घ्या आणि कडेला नवा टाका.